प्रवेश मिळाला; वाट्याचे काय?

(आटपाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आटपाडीत बसून समतेची चर्चा करावयाची, तर तिचा आरंभ पाण्यापासून करणे इष्ट ठरते. १९९३ पासून या गावी पाणी परिषदा भरत आल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांतील कष्टकऱ्यांना एकत्र आणले आणि कृष्णेचे पाणी माणदेशात आणण्याची मागणी लावून धरली. मात्र या चळवळीचे खरे वैशिष्ट्य पाणी वाटण्याच्या तिच्या तत्त्वात होते. ज्याची जमीन अधिक त्याला पाणी अधिक, हा रूढ न्याय तिने नाकारला. पाणी प्रत्येक कुटुंबाला मिळावे, समान मिळावे आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्यालाही मिळावे, असा आग्रह तिने धरला. शेजारच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा स्मृती धरणाच्या वेळी हाच विचार पुढे आला होता. हक्काचा उगम मालकीत नसून माणूसपणात आहे, ही गोष्ट या दुष्काळी मुलुखाने पुस्तकात वाचून स्वीकारलेली नाही. ती तहानेतून शिकलेली आहे.

आता हेच तत्त्व गावच्या देवळाला, यात्रेला, दिंडीला आणि दर्ग्याला लावून पाहावे. धार्मिक समुदायात स्त्रीचा वाटा किती? समलिंगी माणसाचा किती? तृतीयपंथीयाचा किती? आजवर हा प्रश्न बहुधा प्रवेशाच्या रूपाने विचारला गेला: आत जाऊ देणार की नाही? ते आवश्यकच होते. परंतु प्रवेश म्हणजे वाटा नव्हे. वाटा म्हणजे सार्वजनिक मान, कारभारात अधिकार, समुदायाच्या उत्पन्नावर व आधारावर हक्क, आणि आपण जे आहोत ते न लपविता पंक्तीला बसण्याची मोकळीक. प्रवेशाची लढाई बऱ्याच अंशी जिंकली गेली. वाट्याची लढाई अद्याप नीट सुरूही झालेली नाही. आजच्या विवेचनाचा मुद्दा एवढाच आहे.

पायरीचा लढा

समाजवादी चळवळीच्या इतिहासात पंढरपूरच्या पायरीला विशेष स्थान आहे. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि मंदिराचे दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्या चोखोबांची समाधी नामदेव पायरीपाशी शतकानुशतके उन्हापावसात होती, त्यांच्या वारसांना आत जाण्यासाठी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत थांबावे लागले. आटपाडीच्या तराळाच्या घरात वाढलेले आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू व १९८४ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' ज्यांनी वाचले आहे, त्यांना या पायरीची उंची वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे १९५६ साली मुंबई राज्याने हिंदू सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाचा कायदा केला. हिंदूंच्या कोणत्याही वर्गाला वा विभागाला सार्वजनिक पूजास्थानात येण्यास कोणी अडवील, तर तो सहा महिन्यांच्या कारावासास पात्र ठरेल, असे या कायद्याने ठरविले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने दलित होते. परंतु साठ वर्षांनी तोच कायदा स्त्रियांच्या कामी आला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना बंदी होती. २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रा. एन. डी. पाटील, डॉ. श्रीराम लागू यांनी तिच्याविरुद्ध आंदोलन केले. पुढे विद्या बाळ व नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या आणि १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने याच १९५६ च्या कायद्याची अंमलबजावणी करण्याचे कर्तव्य शासनाला दाखवून दिले. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, चौथरा खुला झाला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यातील स्त्रियांवरील बंदी उच्च न्यायालयाने अवैध ठरविली. ती याचिका भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या स्त्रियांनी केली होती. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला होता. त्या सात स्त्रियांच्या लेकी-नातींच्या पिढीने पन्नास वर्षांनी हा हक्क स्वतः मागून मिळविला.

यातून दोन बोध निघतात. एक म्हणजे, एका वंचितासाठी उघडलेले दार दुसऱ्या वंचितालाही उपयोगी पडते. म्हणून लढे परस्परांपासून तोडता येत नाहीत. दुसरा बोध अधिक कडू आहे. २०१६ च्या जानेवारीत, म्हणजे चौथऱ्यावर स्त्रियांना बंदी असतानाच, शिंगणापूर देवस्थानाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद एका स्त्रीकडे आले होते. परंतु त्या पदाने बंदी हटली नाही. खुर्ची मिळाली तरी नियम कोणी करावयाचे हा प्रश्न जागच्या जागी राहू शकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सेवा स्त्रियांची, कारभार पुरुषांचा

वारकरी संप्रदायाचे उदाहरण घेऊ. तो आपला, जिव्हाळ्याचा आणि तुलनेने सर्वांत उदार असा धार्मिक समुदाय आहे, म्हणूनच घ्यावयाचे. चांगदेवांसारख्या योग्याने धाकट्या मुक्ताबाईला गुरू मानले. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई संतपदाला पोचली. चोखोबांच्या घरच्या सोयराबाई व निर्मळा यांचे अभंग आजही गाइले जातात. शेजारच्या मंगळवेढ्याची कान्होपात्रा गणिकेच्या पोटी जन्मली, आणि तिने विठ्ठलाच्या पायाशी आश्रय घेतला असे परंपरा सांगते. सतराव्या शतकात बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू केले आणि त्यापायी पतीचा मार सोसला. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. इतक्या स्त्रियांची वाणी जपणारा संप्रदाय जगाच्या पाठीवर विरळाच.

असे असूनही दिंडीचा हिशेब मांडला तर काय दिसते? तुळशीवृंदावन स्त्रीच्या डोक्यावर, पाण्याची घागर स्त्रीच्या डोक्यावर, मुक्कामाचा स्वयंपाक बहुतांशी स्त्रीच्या हाती. फडाची गादी मात्र बहुतांशी पुरुषाकडून पुरुषाकडे जाते. आज अनेक स्त्रिया उत्तम कीर्तन करतात, त्यांना श्रोतेही भरपूर लाभतात. पण दिंडीचा मालक आणि फडाचा प्रमुख म्हटले की स्त्रीचे नाव सहसा ऐकू येत नाही. श्रमाला प्रवेश आहे, निर्णयाला नाही. कारखान्यात कामगाराची हीच स्थिती असते, तेव्हा तिला शोषण म्हणावयास कार्यकर्ता अडखळत नाही. देवळात तीच स्थिती दिसली की तिला सेवा म्हटले जाते.

मालकी आणि शुचिता यांचे नाते कसे गुंतागुंतीचे आहे, याचा एक बोलका दाखला सर्वोच्च न्यायालयाच्या १९५५ च्या एका निकालात सापडतो. मिर्झापूर जिल्ह्यातील देवळांच्या वंशपरंपरागत पुजारीपणाचा वारसा स्त्रीला मिळू शकतो काय, असा तो वाद होता. न्यायालयाने स्त्रीचा वारसाहक्क मान्य केला. प्रत्यक्ष पूजा तिने दुसऱ्याकडून करवून घ्यावी, अशी वाट त्यातून निघाली. म्हणजे देवाच्या उत्पन्नाला तिचा हात चालतो, देवाला चालत नाही. त्या काळाच्या मानाने तो निर्णय पुरोगामीच होता. तथापि शुचितेची मर्यादा कोठवर ताणता येते आणि कोठे ती सोयीने सैल होते, हे त्याने उघड केले.

पंढरपुरात यापुढचे पाऊल पडले. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क नष्ट केले. त्यांचे न्यायालयीन दावे जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अखेरचे फेटाळले गेले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपद सर्व जातींच्या उमेदवारांना व स्त्रियांनाही खुले केले. कायदा होण्यापासून तो शेवटास जाण्यापर्यंत चार दशके लागली, याचे कारण श्रद्धा नव्हते; दक्षिणेचे उत्पन्न होते.

आणखी एक उदाहरण याच कृष्णाकाठचे आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवऱ्याच्या प्रेताशेजारी बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे यांना गावाने नकार दिला. पुढे शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे हेरवाडचा आदर्श ठेवला. या ठरावाचे मोल देऊळप्रवेशापेक्षा तसूभरही कमी नाही. विधवेला देवळात कोणी अडवीत नाही. तिला अडविले जाते ते हळदीकुंकवात, ओटीच्या ताटापाशी, मांडवाच्या दारात. धर्माचा दैनंदिन व्यवहार गाभाऱ्यापेक्षा अशा ठिकाणीच अधिक चालतो.

जोगत्याला दिलेली जागा

आता दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाकडे वळावयाचे. गावची धर्मव्यवस्था तृतीयपंथी माणसाला मुळीच जागा देत नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. जतच्या यल्लमा यात्रेत, सौंदत्तीच्या डोंगरावर, मिरज-कोल्हापूरपासून बेळगाव-धारवाडपर्यंतच्या पट्ट्यात जोगता सर्वांच्या परिचयाचा आहे. अंगावर लुगडे, कपाळी भंडारा, गळ्यात देवीच्या दर्शनाचे मोती, डोक्यावर जग, हातात परडी आणि साथीला चौंडके. जे लोक एरवी त्याला बाजारात हसले असते, ते मंगळवारी-शुक्रवारी त्याच्या पाया पडतात, त्याच्या परडीत जोगवा घालतात. शहरातील सुशिक्षित समाजाने जे दिले नाही ते या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या समाजाने दिले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण या जागेची किंमतही पाहिली पाहिजे. मुलगा बायकी चालीचा निघाला, अथवा केसांत जट झाली, की ती देवीची ओढ मानली जाते आणि त्याला देवीला सोडले जाते. त्यानंतर तो घरचा असून घरचा राहत नाही. त्याचे शिक्षण थांबते, धंदा थांबतो, बरोबरीच्यांशी असलेला व्यवहार थांबतो. उरतो तो जोगवा. समाज त्याला माणूस म्हणून स्वीकारत नाही. देवीची वस्तू म्हणून स्वीकारतो. अंगातले वारे ओसरले की नमस्कारही ओसरतो. अर्थशास्त्रीय भाषेत बोलावयाचे तर त्याला दान मिळते, वाटा मिळत नाही. दान देणाऱ्याच्या इच्छेवर असते आणि ते केव्हाही थांबविता येते. वाटा मागता येतो आणि न मिळाल्यास त्यासाठी भांडता येते.

राजन गवस यांनी 'चौंडकं' (१९८५) व 'भंडारभोग' (१९८८) या कादंबऱ्यांत हे जग मराठी वाचकांपुढे ठेवले. त्यांच्या आधाराने निघालेला 'जोगवा' हा चित्रपट २००९ साली घरोघरी पोचला. देवदासींच्या मुक्तीसाठी गडहिंग्लज-निपाणी भागात डॉ. बाबा आढाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून चळवळ चालविली. कायदेही झाले. परंतु १९३४ चा मुंबई इलाख्याचा कायदा काय किंवा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा काय, त्यांची दृष्टी देवीला सोडलेल्या स्त्रीवर होती. जोगता त्या दृष्टीच्या कडेलाच राहिला. प्रथा बंद करणे योग्यच आहे. पण प्रथेने दिलेली एकमेव जागा काढून घेताना दुसरी जागा कोणती देणार, हे सांगण्याची जबाबदारी सुधारकावर येते. १९९६ साली सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन झाली आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, ज्यांत देवदासीही पुष्कळ होत्या, स्वतःच्या नावाने बोलू लागल्या. दानापासून वाट्याकडे जाणारा रस्ता असा संघटनेतून जातो.

दुसरेही एक उदाहरण जवळचेच आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील तरंगफळ या गावाने एका तृतीयपंथी उमेदवाराला थेट मतदानाने सरपंच निवडून दिले. गावाने तेथे कोणाला जोगवा वाढला नाही, मते दिली. खेड्यातील माणूस या बाबतीत मागासलेला आहे, असे समजणाऱ्यांनी तरंगफळचा रस्ता एकदा तुडवून यावा.

ज्याला नावच नाही

जोगत्याला निदान नाव आहे. ज्याला नावच नाही असा माणूस म्हणजे समलिंगी पुरुष आणि समलिंगी स्त्री. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण या दोन गोष्टींची सरमिसळ नेहमी होते. तृतीयपंथी माणसाची स्वतःच्या स्त्रीत्वाची वा पुरुषत्वाची जाणीव जन्मावेळी दिलेल्या लिंगाशी जुळत नाही. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो, समलिंगी स्त्री ही स्त्रीच असते. त्यांचे प्रेम मात्र स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीवर जडते. तो खिलार बैलजोडी घेऊन खरसुंडीच्या यात्रेला येतो, डाळिंबाची बाग करतो, दिंडीत टाळ वाजवितो. ती अंगणवाडी चालविते, भजनी मंडळात अभंग म्हणते. त्यांना ओळखण्याची कोणतीही बाह्य खूण नाही. म्हणून समुदायाने त्यांना हाकलून दिलेले नाही, आणि स्वीकारलेलेही नाही. मौन ही एकच अट आहे. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आणले. त्यात स्त्रीवर प्रेम करणाऱ्या एका स्त्रीची शोकांतिका होती. इतकी वर्षे लोटली; पण ग्रामीण भागात तो विषय अजून चावडीवर आलेला नाही.

हे मौन कोणाच्या खर्चाने पाळले जाते, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. घरच्यांना संशय आला की पहिला उपाय ठरलेला असतो: लग्न लावून द्या, म्हणजे सगळे सुरळीत होईल. लग्न लागते. मग ज्या मुलीला काहीच सांगितलेले नाही, ती आयुष्यभर आपल्यात काय कमी आहे याचा शोध घेत राहते. मूल होत नाही म्हणून नवस तिने बोलावयाचे, उपास तिने धरावयाचे, अंगारा तिच्या कपाळी. अखेर ती माहेरी परतली, तर परित्यक्ता म्हणून बोल तिलाच. याच सांगली जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या अखेरीस परित्यक्ता स्त्रिया संघटित झाल्या. इंदुताई पाटणकरांसारख्या जुन्या स्वातंत्र्यसैनिक त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. आणि रेशनकार्ड व घरजागा स्वतःच्या नावे मिळावी अशी मागणी पुढे आली. प्रत्येक परित्यक्तेच्या मागे हेच कारण असते असे मुळीच नाही. पण ज्या घरात हे कारण असते, तेथे मुलाचे मौन आणि सुनेची परवड या एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरतात. म्हणून स्त्रियांचा प्रश्न आधी, समलिंगी लोकांचा नंतर, अशी रांग लावणे चुकीचे आहे. वंश चालविण्यासाठी विवाह हाच धर्म, या एका कल्पनेने दोघांनाही जखडले आहे.

या लोकांना गुन्हेगार ठरविणारे कलम ३७७ हे मनूचे नव्हते. १८६० साली ब्रिटिश राज्यकर्त्यांनी ते भारतीय दंडसंहितेत घातले. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांना ते लागू होत नाही असे ठरविले, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेणाऱ्यांत हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांच्या संघटना होत्या. एरवी एका व्यासपीठावर न येणाऱ्या या मंडळींचे या एका बाबतीत एकमत झाले. ११ डिसेंबर २०१३ रोजी त्यांची सरशी झाली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णय पुसून टाकून या माणसांना गुन्हेगारीच्या कलंकातून मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. म्हणजे येथेही तुरुंगातून सुटका झाली. कुटुंब म्हणून वाटा मिळावयाचा राहिला.

धार्मिक परंपरेच्या पोटात याहून वेगळी शक्यता नाही, असे कोणी समजू नये. मुंबईचे पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० साली 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढले आणि १९९४ साली हमसफर ट्रस्टच्या स्थापनेत पुढाकार घेतला. तरुणपणी ते रामकृष्ण मिशनमध्ये संन्यासाच्या वाटेवर होते. तेथील एका ज्येष्ठ संन्याशाने त्यांना स्वतःपासून न पळण्याचा आणि आपले खरे जीवन जगण्याचा सल्ला दिला, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. भगवी वस्त्रे आणि माणुसकी यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही.

वारकऱ्यांच्या भाषेकडेच पाहावे. विठ्ठल पुरुष, पण भक्तांनी त्याला विठाई म्हटले. ज्ञानेश्वर पुरुष, पण ते माउली. विरहिणी आणि गौळणी रचताना पुरुष संतांनी स्त्री होऊन प्रियकराची वाट पाहिली. वारीत स्त्री-पुरुष एकमेकांना माउली म्हणून हाक मारतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. स्त्रीत्व आणि पुरुषत्व यांच्या भिंती भक्तीच्या भाषेत केव्हाच पडल्या आहेत. त्यावरून संतांनी समलिंगी प्रेमाला मान्यता दिली, असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे होईल. एवढेच म्हणता येईल की, ज्या समुदायाच्या वाणीत इतकी ऐसपैस जागा आहे, त्याच्या व्यवहारात ती नसावी याला संतवचनाचा आधार नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप चळवळीतीलच असतो. धर्म ही शोषणाची व्यवस्था. तिच्यात वाटा मागून तिलाच बळकटी कशाला द्यावयाची? या आक्षेपात तथ्य आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून भटावाचून लग्ने लावली. तो मार्ग आजही खुला आहे आणि ज्याला झेपेल त्याने तो धरावा. परंतु ज्यांना देव हवा आहे त्यांना देव सोडावयास सांगणे आणि तोपर्यंत त्यांचा अपमान चालू देणे, ही समाजवाद्याची भूमिका होऊ शकत नाही. साने गुरुजींनी देऊळ जाळा असे म्हटले नाही. ते उघडा म्हटले.

दुसरा आक्षेप प्राधान्याचा. पाणी नाही, रोजगार नाही, तेथे हे शहरी थेर कशाला? समलिंगी माणूस शहरात जन्मतो हा समजच खोटा आहे. तो खेड्यात जन्मतो आणि खेड्यात राहता येत नाही म्हणून शहरात जातो. पाण्यावाचून घर सोडणारा आणि मानावाचून घर सोडणारा, दोघेही एकाच एस.टी.ने पुण्या-मुंबईला जातात.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ज्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा निर्णय एकमताने दिला, त्याच पाच जणांपुढे शबरीमलेचे प्रकरण होते. २८ सप्टेंबरला चौघांनी स्त्रियांच्या बाजूने कौल दिला. वेगळे मत नोंदविणाऱ्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा या पीठावरील एकमेव स्त्री होत्या. श्रद्धेच्या अंतर्गत बाबतीत न्यायालयाने तर्क लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हे मत झटकून टाकण्यासारखे नाही. न्यायालयाने उघडलेले दार समुदायाने मनाने उघडले नाही, तर त्या दारातून जाणारा पाऊल टाकतानाही भीत राहतो. त्यावर उपाय एकच: समुदायाच्या आत, समुदायाच्या माणसांनी, समुदायाच्या भाषेत हा प्रश्न उपस्थित करणे. हेरवाडने ते केले. ते काम न्यायालय करू शकत नाही. कार्यकर्ता करू शकतो.

कार्यकर्त्यांचे काम

तेव्हा उपदेश पुरे. कामाची यादी करू.

गावच्या यात्रेची वर्गणी घरटी घेतली जाते. विधवेच्या घरून घेतली जाते, परित्यक्तेच्या घरून घेतली जाते, जोगत्याच्या घरूनही घेतली जाते. मग यात्रा कमिटीत यांपैकी कोण आहे, हे कार्यकर्त्याने गावच्या बैठकीत विचारावे. वर्गणी सर्वांची असेल तर हिशेब आणि मान सर्वांचा असला पाहिजे, हा युक्तिवाद कोणत्याही शेतकऱ्याला पटतो; सहकारी सोसायटीने तो त्याला केव्हाच शिकविला आहे.

देवस्थान नोंदणीकृत असेल, तर ते १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येते. विश्वस्तांत बदल झाला की धर्मादाय कार्यालयात त्याची नोंद व्हावी लागते. त्या नोंदी पाहाव्यात. किती वर्षे एकाच घराण्याची नावे चालत आली, त्यांत स्त्रीचे नाव एकदा तरी आले काय, हे कागदावर दाखविता येते. कागद बोलू लागला की रूढीचा आवाज खाली येतो.

हेरवाडसारखा ठराव प्रत्येक ग्रामसभेपुढे मांडता येईल. ठराव झाल्यानंतर पहिल्याच संक्रांतीला विधवेला हळदीकुंकवाला बोलावणारी पाच घरे प्रत्येक गावात उभी करणे, हे पक्षाच्या स्त्री कार्यकर्त्यांचे काम आहे. त्या पाच घरांत पक्षाच्या पदाधिकाऱ्यांची घरे पहिली असावीत.

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१९ साली झाला. त्यात उणिवा आहेत. परंतु जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळविण्याची तरतूद आणि आईवडिलांच्या घरी राहण्याचा हक्क त्यात आहे. देवीला सोडलेल्या मुलाला घरातून काढता येत नाही, ही गोष्ट जतच्या यात्रेत, सौंदत्तीच्या वाटेवर सांगितली पाहिजे.

आणि समलिंगी मुलामुलींसाठी? येथे मोर्चा उपयोगाचा नाही. मोर्चात येण्यासाठी आधी नाव सांगावे लागते, आणि नाव सांगणे हीच येथे अडचण आहे. येथे विश्वास उपयोगाचा. कार्यकर्त्याच्या घरी एखादे आईबाप मुलाचे गाऱ्हाणे घेऊन आले, तर त्याने लग्नाचा सल्ला देऊ नये. हा रोग नाही हे शांतपणे सांगावे. आणि दुसऱ्या कोणाच्या मुलीचे आयुष्य त्यापायी पणाला लावू नका, हे ठामपणे सांगावे. एखाद्या मुलीने लग्नाला नकार दिला तर तिच्या नकाराचे कारण न विचारता तिच्या पाठीशी उभे राहावे. भजनी मंडळात, तालमीत, शाखेच्या बैठकीत या माणसांवरून होणारी थट्टा थांबवावी. थट्टा हाच मौनाचा पहारेकरी आहे.

हे काम लहान वाटेल. पण याच आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूर वसविले. जन्मठेपेच्या कैद्यांना भिंतीवाचून ठेवले, शेती दिली, बायकामुले आणू दिली. मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने झालेल्या त्या प्रयोगाला लोक तेव्हा वेडेपणा म्हणाले असतील. जगाने ज्यांच्यावर अविश्वास दाखविला त्यांच्यावर या मातीने विश्वास टाकला, आणि तो प्रयोग टिकला. ज्यांनी कोणताही गुन्हा केलेला नाही अशा माणसांवर तेवढाच विश्वास टाकण्याची आता वेळ आहे. येत्या यात्रेच्या बैठकीची तारीख प्रत्येक गावात ठरलेलीच असते. तेथे जावे, वर्गणी भरावी, आणि पावती हाती घेऊन वाट्याचा प्रश्न विचारावा.